शेवटची खुंटी

सुतारकाम मी नारपोलीत शिकले, आणि लपून शिकले. एका खोलीच्या संसारात लपायला जागा कुठे होती म्हणाल, तर आवाजात होती. आमच्या चाळीच्या तिन्ही अंगांना पॉवरलूमचे कारखाने. दिवसभर खटखट, रात्रभर खटखट. नव्या सुनेला आधी वाटतं आपलं डोकं फुटणार, आणि पुढे असं होतं की आवाज थांबला की तिला झोप लागत नाही. त्या खटखटीत मी दार लोटून करवत चालवली, रंधा मारला, खिळे ठोकले, आणि भिंतीपलीकडच्या भाभीलासुद्धा पत्ता लागला नाही. लाइट गेली की लूम थांबायचे, आणि माझा उगारलेला हातोडा तसाच हवेत राहायचा. भारनियमनाचे दिवस होते ते, त्यामुळे माझी पुष्कळ कामं अर्ध्या ठोकलेल्या खिळ्यांवर अडून बसलेली असत. शुक्रवारी लूमना सुट्टी, म्हणून मलाही शुक्रवारी सुट्टी.

एवढं लपवण्यासारखं काय होतं? बाईच्या हातात करवत, एवढंच. पण मला त्याची खरोखर लाज वाटायची. माझं माहेर दिघाशीचं, भातशेतीवाल्यांचं. लहानपणी मी गावच्या सुताराच्या अंगणात भुश्याचा वास घेत उभी राहायची, तर तो म्हणायचा, "पोरीच्या जातीला काय बघायचं हाय हितं? जा, गुरं सोडलीत तुझ्या आईनं." मी पळायची. लाज तिथूनच सोबत आणली असावी, लग्नात मिळालेल्या भांड्यांबरोबर.

माझे यजमान, ज्यांना मी आयुष्यभर 'हे' म्हणत आले, ते लूमवर कामाला होते. अंगाने बारीक, स्वभावाने गरीब, दारूच्या वासानेही मळमळणारे. कारखान्यातले तुटके धोटे ते पाणी तापवायला घरी आणत. धोटा म्हणजे लूममध्ये इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा, होडीसारखा, हात लावाल तिथे गुळगुळीत. असं लाकूड जाळायचं माझ्या जिवावर यायचं. आमच्या पोळपाटाचा एक पाय मोडला होता आणि चपाती लाटताना तो लंगडायचा. एका दुपारी मी कोयत्याने धोटा तासला, कानशीने घासला आणि पोळपाटाला पाय बसवला. पोळपाट स्थिर उभा राहिला. मी लाटणं घेऊन उगाच त्यावर दाब देऊन बघत बसले, वरण करपलं.

तिथून मला खूळ लागलं. गोदामांतून फुटक्या खोक्यांच्या फळ्या भंगारात यायच्या, पांढऱ्या, हलक्या, परदेशी लाकडाच्या. त्यांचा मी नवा पोळपाट केला. पुढे कितीतरी दिवस आमच्या चपात्यांना टर्पेंटाइनचा वास होता. हे मुकाट्याने खायचे, सासूबाई म्हणायच्या, "दवाखान्यात जेवल्यावानी वाटतंय." मग स्टूल केलं. ते डुगडुगलं म्हणून एक पाय कापला, मग दुसरा, असं करता करता स्टुलाचा पाट झाला आणि सासूबाई त्यावर बसून भाजी निवडू लागल्या. फळीच्या टोकाला खिळा मारला की फळी उभी चिरायची. किती फळ्या वाया घालवल्यावर कळलं की खिळ्याचं टोक आधी ठोकून बोथट करायचं. पावसाळ्यात केलेल्या कपाटाचं दार उन्हाळ्यात एवढं आक्रसलं की आतली भांडी बाहेरून मोजता आली असती. शिकवायला कोणी नव्हतं. भंगारातून एक मोडकी जुनी खुर्ची आणली आणि तिचा सांधा न सांधा सोडवून बघितला. एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला खाच, आणि दोन्हींतून आरपार लाकडाची खुंटी. खिळा एकही नाही. ते बघून माझी मलाच लाज वाटली. इतके दिवस मी लाकडं जोडत नव्हते, नुसती एकमेकांना टोचत होते.

खोटं बोलायला सुरुवात झाली ती एका सत्यनारायणाला. भाभीच्या शेजारच्या खोलीत पूजा होती आणि त्यांनी आमच्याकडचा चौरंग मागून नेला. खिळ्याशिवाय केलेला माझा पहिला. लोकांना तो आवडला. कोणीतरी विचारलं, "कुनी केला?" मी तीर्थ घेत होते, माझी ओंजळ तशीच राहिली. सासूबाई चटकन म्हणाल्या, "माझ्या पोरानं."

हे तिथेच होते, हातात प्रसादाचा शिरा. त्यांनी शिरा खाल्ला. आणि मला काय वाटलं सांगू? मला हायसं वाटलं. घरी आल्यावर ह्यांनी आईला विचारलं, "असं कशाला बोललीस?" तर त्या उसळल्या, "मंग काय सांगू? सून रंधा मारते आन् मुलगा बघत बसतो? लूमला काम न्हाय, लोकं आदीच बोलतात. त्यांच्या तोंडावर हात ठेवायला जाशील?"

खरं होतं ते. तेव्हा कारखान्यांत शिफ्ट कमी झाल्या होत्या. ह्यांची निम्मी ड्युटी घरीच जायची. बाईने घर चालवलं तर पुरुषाला उभं राहायला जागा उरत नाही, हे मलाही माहीत होतं. मग चाळ ह्यांना 'मिस्त्री' म्हणू लागली. भाभी म्हणायची मिस्त्री भैया. कोणी हाक मारली की ह्यांचे कान लाल व्हायचे आणि ते माझ्याकडे न बघता म्हणायचे, "हां, बोला." माप ते घेऊन यायचे, काम मी करायची, पोचवायला ते जायचे. शाबासकी घेऊन घरी आले की मला पाणी मागतानाही चाचरायचे.

आता पडघ्याकडच्या रस्त्याला माझी पत्र्याची शेड आहे, मशीनची करवत आहे, आणि हे तिथे लाकडाला पॉलिशपेपर मारतात. धागा शोधायला सरावलेली त्यांची बोटं, मला न दिसणारं लाकडाचं कुसळ त्यांना लागतं. पण हे फार पुढचं झालं. मधे ती चौकट आली.

पडघ्याच्या पलीकडे एकांच्या शेतात गोदामं उभी राहिली होती आणि शेतमालक बंगला बांधत होते. आपण त्यांना शेठ म्हणू, लोकही तेच म्हणत. त्यांनी कुठेतरी आमचा चौरंग पाहिला आणि थेट चाळीत आले. वाकून खोलीत शिरले, ह्यांना बघून म्हणाले, "तूच का रं मिस्त्री? मोठ्या दरवाज्याची चौकट करायची हाय. सागवान मी पाठवतो. जमंल?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टोव्हपाशी होते, पदर डोक्यावर. मी मान हलवली, म्हणजे डाळ ढवळता ढवळता हलली असं कोणाला वाटावं इतकीच. हे म्हणाले, "जमंल."

सागवान मी पहिल्यांदा हातात धरलं. रंधा मारला की त्यातून तेलकट सुगंध यायचा आणि ढलप्या गोल गोल वळून पायाशी पडायच्या. चौकटीचे उभे खांब खोलीत मावेनात. ते एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तिरपे ठेवावे लागले. आम्ही तिघं त्यांच्या कडेकडेने झोपायचो. सासूबाई उठताबसता अडखळायच्या आणि शिव्या घालायच्या, पण सकाळी त्यावर पडलेली धूळ पदराने पुसायच्याही. मी ते काम मन लावून केलं. सांध्यात पत्त्याचं पानही जाऊ नये असं. माझ्या हातून तोवर एवढं चांगलं काही झालं नव्हतं आणि ते मला कोणाला सांगता येत नव्हतं.

काम संपत आलं तेव्हा शेठ बघायला आले. खूश झाले. जाता जाता दारात वळून म्हणाले, "आमच्यात रीत हाय. शेवटची खुंटी मुहूर्तावर, पूजा झाली की समद्यांसमोर सुतारानं ठोकायची. मग त्याला टॉवेल-टोपी, नारळ. ती खुंटी तेवढी ठेव बाकी. घरच्या बाईलाबी आन, ओटी भरायची असते."

ते गेल्यावर ह्यांनी माझा हातोडा उचलून हातात तोलून बघितला.

मग मी ह्यांना शिकवायला घेतलं. दुपारी, लूम चालू असताना. टाकाऊ लाकडात भोक पाडायचं, खुंटी उभी करायची, ठोकायची. चालत्या लूमवर तुटलेला धागा डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडणारा हा माणूस, हातोडा धरला की पाल धरल्यासारखा धरायचा. ठोका एकतर बाजूला पडायचा, नाहीतर खुंटीचं डोकं चेचायचा. मी म्हणायची, मनगट सैल ठेवा. ते अजून घट्ट धरायचे. एके दिवशी माझा तोल गेला. "एवढंपण येत न्हाय तुम्हाला? एक खुंटी?" मी ओरडले. लूमच्या आवाजात ओरडायचीच सवय, पण हे ओरडणं वेगळं होतं, ते त्यांना कळलं. त्यांनी हातोडा हळूच खाली ठेवला आणि पाणी प्यायला उठले. ते वाक्य मला आजही जेवताना आठवतं आणि घास फिरतो.

मुहूर्त गुरुवारचा होता. चौकट टेम्पोतून पुढे गेली, आम्ही जीपने. निघताना मी एक जादा खुंटी कनवटीला खोचली. काम कितीही नीट असो, एक खुंटी जास्तीची काढून ठेवायची माझी सवय.

बंगल्यापाशी पोचलो आणि आधी मला काहीच कळेना. कानाला कसंतरी होत होतं. मग लक्षात आलं की तिथे आवाजच नाही. शेतं, अर्धी बांधलेली गोदामं, लांबून जाणारा एखादा ट्रक. माणसं बोलत होती ते शब्द न् शब्द ऐकू येत होते. चौकट उभी केली होती, तिला हळद-कुंकू लावलेलं, वर आंब्याचा टहाळा. उन्हात सागवान मधासारखं दिसत होतं. बायका एका बाजूला बसल्या होत्या, मी त्यांच्यात जाऊन बसले. शेठच्या आईने मला कुंकू लावलं. मी हात पदराखाली घेतले, माझी नखं काळीनिळी होती.

भटजींनी खूण केली. हे पुढे गेले. धुतलेला सदरा, हातात माझा हातोडा. खुंटी भोकात उभी करून त्यांनी पहिला ठोका मारला, तो खुंटीवर नाही, चौकटीवर पडला. सागवानावर चंद्रकोरीसारखी खोक पडली. ती बसलेल्या जागेवरून मला दिसली.

कोणीतरी हसलं. शेठ हसले नाहीत. "काय रं मिस्त्री? हात का कापतोय? सकाळी सकाळी घेऊन आलास काय?"

ह्यांनी मान खाली घातली. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहत होते. आता हे सांगणार, मला वाटलं. आता हे सांगून टाकणार, आणि त्यांनी सांगावं असं मला वाटत होतं, आणि सांगू नये असंही.

"थोडी घेतलेय," हे म्हणाले.

बायकांत कुजबुज झाली. "शुभ कामाला पिऊन आला मेला," माझ्या शेजारची म्हणाली, माझ्याकडे बघून, म्हणजे माझी कीव करून. मी तिला सांगू शकले असते. सांगायला तोंड होतं मला. मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसले.

दुसरा ठोका जोरात बसला आणि खुंटी मोडली.

तेव्हा मात्र सगळेच उठून उभे राहिले. चौकटीची खुंटी मोडणं, तेही मुहूर्तावर. शेठच्या आईने कपाळाला हात लावला. भटजी घड्याळ बघू लागले. शेठ ओरडले, "दुसरी खुंटी हाय का न्हाय?" हे इकडेतिकडे बघू लागले, खिसे चाचपू लागले आणि शेवटी त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली.

मी कनवटीची खुंटी काढली. बायकांतून उठले आणि अंगण ओलांडून गेले. खुंटी त्यांच्या हातात द्यायची आणि परत फिरायचं, एवढंच माझ्या मनात होतं. बायकोने सांभाळून ठेवली होती, असं लोक समजले असते. पण त्यांनी खुंटी घेतलीच नाही. हातोडा माझ्यापुढे धरला.

"तूच ठोक," ते म्हणाले. "तुझंच काम हाय ते."

हळू बोलले ते. नारपोलीत ते फक्त मला ऐकू आलं असतं. तिथे सगळ्यांना ऐकू आलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हातोडा हातात होता, मुहूर्त चालला होता. मोडकी खुंटी मागच्या बाजूने ठोकून काढली. नवी उभी केली. माझा पदर डोक्यावरून घसरला, तो सावरायला हात मोकळा नव्हता. मी ठोकलं.

इतकी वर्षं खुंटी बसली की नाही हे मला मनगटात कळायचं. कानाने मी माझं काम कधी ऐकलंच नव्हतं. खुंटी आत जाते तसा ठोक्याचा आवाज बदलतो, सुरुवातीला पोकळ, मग भरीव, आणि पुरती बसली की घट्ट, एकदम खालचा. तो शेवटचा आवाज त्या उघड्या माळावर असा उमटला की मी थांबूनच राहिले. सगळ्यांच्या देखत, नवरा शेजारी मान खाली घालून उभा असताना, मला आनंद झाला. असा आनंद मला लग्नात झाला नव्हता.

शेठ टॉवेल-टोपी घेऊन पुढे आले आणि मधेच थांबले. टोपी कोणाच्या डोक्यावर ठेवायची हे त्यांना कळेना. बाईला टोपी घालायची रीत कुठेच नाही. थोडा वेळ ती टोपी त्यांच्या हातातच होती आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मग त्यांनी ती ह्यांच्या डोक्यावर ठेवली. मागून एक पोरगं खिदळलं, त्याला कोणीतरी थोबाडलं. शेठच्या आईने माझी ओटी भरली, पण माझ्या तोंडाकडे न बघता भरली. जेवायला बसलो. पुरणपोळी होती. आम्हाला वाढताना वाढणाऱ्या बायका जपून वाढत होत्या, कोणाच्या घरी काही वाईट घडलं असावं तशा.

परतीच्या जीपमध्ये आम्ही मागे, समोरासमोर बसलो होतो. ह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि तिची घडी नीट करत होते. मी तो ठोक्याचा आवाज मनात पुन्हा पुन्हा वाजवून बघत होते. रांजणोलीचा नाका आल्यावर ते म्हणाले, "मी घेतली न्हवती. तुला माहीत हाय ना?"

"माहीत हाय," मी म्हणाले.

एवढंच त्यांना विचारायचं होतं, आणि मी तिकडे माझ्या खुंटीत होते. ज्या घडीला ह्यांचं सगळं गेलं, ती माझी सगळ्यात सुखाची घडी होती. ही लाज कुठे नेऊन ठेवायची ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. हे चटईवर बसून चहा पीत होते. टोपी खुंटाळ्याला अडकवलेली होती. सासूबाई गॅलरीत लसूण सोलत होत्या, त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. बाहेरून भाभीची हाक आली, "मिस्त्री भैया हैं क्या? बैठने का एक पाटा बनवाना था."

ह्यांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर काल रात्रभर नव्हतं असं काहीतरी होतं, जवळजवळ हसू. "जा," ते म्हणाले. "तुलाच बोलावतायत."

मला फक्त दारापर्यंत जायचं होतं. चार पावलं. ह्यांनी काल एवढ्या माणसांसमोर जे केलं, ते आज मला एका शेजारणीसमोर करायचं होतं.

मी पदर डोक्यावर ओढला आणि आतूनच ओरडले, "भैया ड्यूटी पे गये हैं, भाभी. आये तो बोलती हूँ."

भाभीच्या चपला वाजल्या नाहीत, म्हणजे ती तिथेच उभी होती. शुक्रवार होता. अख्ख्या नारपोलीत एकही लूम चालू नव्हता.

ह्यांनी उरलेला चहा प्यायला, बशी मोरीत ठेवली. सदरा चढवला, पायात चपला घातल्या आणि भाभीच्या समोरून ड्युटीला निघून गेले.